बाहुली सुस्थितीत आहे

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. माहिती अधिकाराखाली 10 रुपये भरून मी एका सरकारी इस्पितळाला चार प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं त्यात होती. कायद्याने ती 30 दिवसांत यायला हवी होती. 41व्या दिवशी आली, पण आली, म्हणून आधी आभार मानते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं अनुक्रमे ‘माहिती उपलब्ध नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘वरीलप्रमाणे’ अशी आहेत. चौथा प्रश्न असा होता: नवजात बाळाला श्वास देण्याच्या सरावासाठी आपल्या इस्पितळाला जी बाहुली मिळाली, ती सध्या कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि गेल्या सात महिन्यांत तिच्यावर किती जणांनी सराव केला?

उत्तर जसंच्या तसं देते. ‘सदर बाहुली सभागृहातील कपाटात असून सुस्थितीत आहे.’

किती जणांनी सराव केला, त्याचं उत्तर नाही. म्हटलं तर त्या ‘सुस्थितीत’मध्येच ते आलं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सरकारी मराठी शाळांत 36 वर्षं काढली, शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. उत्तर गोव्यात राहते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, इस्पितळाचंही लिहीत नाही. कारण साधं आहे. नाव लिहिलं की चौकशी लागेल, चौकशी लागली की एका कंत्राटी नर्सची नोकरी जाईल आणि कपाटाची किल्ली आहे त्याच खिशात राहील. हे मी सरकारी नोकरीत शिकले आहे, तेव्हा आपणही मला ते नाव विचारू नये ही विनंती.

त्या बाहुलीला मी आधीपासून ओळखते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका कंपनीने आपल्या समाजकार्याच्या निधीतून ती इस्पितळाला दिली, तेव्हा कार्यक्रमाला मी हजर होते. स्वागतगीत मीच बसवलं होतं, शेजारच्या शाळेच्या मुली होत्या. मंडप, समई, शाल, श्रीफळ, सगळं झालं. बाहुली टेबलावर मांडली होती, तीन-साडेतीन किलोची, अंगावरचं प्लास्टिक तसंच. कुणीतरी तिला कुंकू लावलं. फोटो निघाले. ‘आता गोव्यातलं एकही बाळ प्रशिक्षणाअभावी दगावणार नाही,’ असं एका मान्यवरांनी सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच वर्षी गणेशचवथीच्या आधी पंधरा दिवस माझी मुलगी त्याच इस्पितळात बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जावई बोटीवर. सोबतीण म्हणून मला लेबर रूममध्ये राहू दिलं. हा नियम चांगला आहे, तो काढू नका.

बाळ बाहेर आलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे 3 वाजून 10 मिनिटं झाली होती. घड्याळाकडे बघायची शिक्षकाला खोड असते. बाळ रडलं नाही. अंग निळसर आणि हातपाय सैल, भिजलेल्या फडक्यासारखे. सिस्टर चोवीस-पंचवीसची असेल. तिने बाळाला पुसलं, वॉर्मरखाली ठेवलं, नळीने तोंडातलं-नाकातलं ओढून काढलं. पुन्हा ओढलं. पुन्हा ओढलं. मग अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी घेतली, मास्क लावला आणि दाबू लागली. हात कापत होते तिचे. मास्कच्या कडेने हवा फुस्स करून निसटत होती, मला माझ्या जागेवरून ऐकू येत होतं. बाळाची मान तिने मागे टाकली होती, आपण गुळण्या करताना टाकतो तशी. तरी ती मला म्हणत होती, ‘मावशी, भिवपाची गरज ना.’ म्हणजे घाबरायची गरज नाही.

डॉक्टर घरून आले, 3 वाजून 17 मिनिटांनी. त्यांनी फारसं काही केलं नाही, आणि तेच मला अजून झोपू देत नाही. मास्क बदलून लहान घेतला. खांद्याखाली फडक्याची घडी सरकवली, मान सरळ केली, दोन बोटांनी जबडा जरा पुढे आणला. पिशवी दाबली, अगदी हलकी. बाळाची छाती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. मिनिटभरात रंग बदलला. आठ मिनिटं, मंत्रीमहोदय. केस पेपरवर ‘बाळ तीन मिनिटांत रडले’ असं लिहिलंय. घड्याळ पुढे असेल म्हणता? असू दे. पण पुढे असलेलं घड्याळसुद्धा दहापासून सतरापर्यंत सातच मिनिटं चालतं.

तिथून 108. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची कोंडी, सायरन वाजतोय आणि पुढे एका पर्यटकाची भाड्याची गाडी आडवी. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात काचेआड नात 18 दिवस होती. तिथल्या माणसांबद्दल मी वावगं बोलणार नाही, त्यांनीच ती हाती दिली. आज ती 14 महिन्यांची आहे. हसते, मला ओळखते. अजून बसत नाही. डावी मूठ उघडत नाही. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावी लागते. मुलीने खाजगी शाळेतली नोकरी सोडली, माझ्या पेन्शनचं काय होतं ते लिहायला घेतलं तर हे पत्र संपायचं नाही. डॉक्टर म्हणतात, त्या मिनिटांमुळेच हे झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. बरं. मी छातीठोक सांगत नाही. फक्त ती मिनिटं मी मोजली आहेत.

त्या सिस्टरवर आधी माझा फार राग होता. तो कसा गेला ते सांगते.

माझी भाची राज्याबाहेर एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. मी तिच्यापुढे त्या मुलीला शिव्या घालत होते. तिने ऐकून घेतलं आणि एका रविवारी मला कॉलेजच्या सराव खोलीत घेऊन गेली. टेबलावर बाहुली. ही काही सुस्थितीत नव्हती. गाल काळवंडलेले, मानेला चिकटपट्टी, एका कानाचा तुकडा गायब. भाची म्हणाली, ‘मावशी, घे पिशवी. दे श्वास.’

मी मास्क लावला, दाबलं. फुस्स. छाती ढिम्म हलेना. मान मागे केली, कारण वाट मोकळी करायची तर मान मागे, असंच आपल्याला वाटतं. तरी हलेना. तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मागच्या बाजूला फुगीर. उताणं ठेवलं की हनुवटी आपोआप छातीला टेकते आणि वाट मिटते. घाबरून मान जास्त मागे टाकली तरी ती मऊ नळी चेपते आणि वाट मिटतेच. या दोहोंच्या मधली जागा पकडायची, ‘फुलाचा वास घेतल्यासारखी’. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, मागे पडली की दार बंद. बाळ श्वास घेतं मुख्यतः नाकाने. स्वरयंत्र गळ्यात आपल्यापेक्षा वर असतं. आणि श्वासनळी जेमतेम चार मिलिमीटर रुंद. तिला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर वाट चौथाईवर येते. हा हिशोब मी घरी येऊन वहीत करून पाहिला, बरोबर आहे, वर्तुळाचं क्षेत्रफळ शाळेत असतंच. लांबी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी, म्हणजे नळी घालायची वेळ आली आणि ती सेंटीमीटरभर पुढे गेली तर हवा एकाच फुप्फुसात. मिनिटाला 40 ते 60 श्वास. मास्क हनुवटी, तोंड, नाक झाकणारा, पण डोळ्यांवर न चढणारा. आणि छाती वर आली नाही तर पिशवी जोरात दाबत सुटायचं नाही, आधी मास्क आणि मान तपासायची. माझ्या नातीच्या वेळी नेमकं हेच राहिलं.

चौथ्या खेपेला बाहुलीची छाती वर आली. मी 66 वर्षांची, हाताला संधिवात. मी रडले. भाची म्हणाली, ‘हे चार वेळा चुकणं तू बाहुलीवर चुकलीस. त्या मुलीला चुकायला बाहुलीच मिळाली नव्हती.’

ती बाहुली त्या मुलीपासून दोन भिंती पलीकडे होती, मंत्रीमहोदय. सभागृहात. कपाटात. मी नंतर चौकशी केली. रुजू होऊन पाच महिने झाले होते तिला, आणि त्या पाच महिन्यांत ते कपाट एकदाही उघडलं नव्हतं.

गमतीची गोष्ट सांगते, गंमत म्हणायची असेल तर. या सरावाच्या बाहुल्या आल्या खेळण्यांच्या कारखान्यातून. नॉर्वेचा आस्मुंड लार्डाल खेळणी बनवायचा. त्याचा लहानगा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्याचा त्याचा हात, त्यातून 1960 मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावाची मोठ्या माणसाएवढी बाहुली तयार झाली. पुढे त्याच घराण्याच्या संस्थेने नवजात बाळाची स्वस्त बाहुली काढली, पाणी भरलं की बाळाइतकी जड होणारी. ती खास खेड्यापाड्यांतल्या, वीज गेलेल्या, डॉक्टर नसलेल्या दवाखान्यांसाठी. खेळणी करणाऱ्या माणसाला जे कळलं ते आपल्या भांडारपालाला कळत नाही: बाहुली हाताळायला असते.

पण थांबा. त्या भांडारपालाला मी फार बोलू नये. माझ्या शाळेत एक पृथ्वीगोल होता. सरकारकडून आलेला, मोठा, पितळी कड्याचा. तो मी आठ वर्षं कपाटात ठेवला. मुलांनी आफ्रिका फळ्यावर पाहिली. का? कारण तो डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम सामानाच्या वहीत होता. फुटला असता तर खुलासा, पंचनामा, वहीतून नाव काढायचा म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यावर शेरा, त्या शेऱ्यावर शेरा, आणि शेवटी माझ्या पगारातून वसुली. दरवर्षी तपासणीला साहेब यायचे, कपाट उघडून गोल बघायचे आणि लिहायचे, ‘सुस्थितीत’. मला त्याचा अभिमान वाटायचा. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. त्या इस्पितळात ज्याच्याकडे किल्ली आहे तो माझ्यासारखाच असणार. बाहुलीची मान तुटली तर त्याला विचारतील. बाळाची मान चुकीची धरली गेली तर त्याला कोण विचारतंय?

आता मला मिळालेल्या एका आश्वासनाकडे येते. यंदा शिमग्याच्या सुमारास मी आणि मुलगी, नातीला कडेवर घेऊन, एका मोठ्या अधिकाऱ्यांना भेटलो. सज्जन माणूस. चहा पाजला. नातीला बिस्किट दिलं, तिला ते धरता आलं नाही, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, ‘बाई, महिनाभरात ती बाहुली लेबर रूमच्या दाराशी ठेवतो. दर आठवड्याला सराव, सहीचं रजिस्टर. माझा शब्द.’ मी त्यांच्या शब्दावर इस्पितळाविरुद्ध केलेली तक्रार मागे घेतली. सात महिने गेले. मध्ये त्यांची बदली झाली. शब्द त्यांच्याबरोबर गेला, बाहुली राहिली.

दर आठवड्याला, हा शब्द त्यांनी सहज उच्चारला असेल, पण तोच कळीचा आहे. आफ्रिकेतल्या टांझानियात आठ इस्पितळांत सुईणींना आणि नर्सेसना अशा बाहुल्यांवर शिकवलं. पहिल्या 24 तासांतले बाळांचे मृत्यू 47 टक्क्यांनी कमी झाले, 2013 साली ते छापून आलं. पण त्याच देशातल्या एका खेड्याच्या इस्पितळात आधी एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं तेव्हा काय दिसलं? सात महिन्यांनी नर्सेस बाहुलीवर छान करून दाखवत होत्या, लेबर रूममध्ये मात्र पूर्वीसारखंच चाललं होतं. मग त्यांनी बाहुली कामाच्या जागी आणली आणि आठवड्याला काही मिनिटांचा सराव लावला, तेव्हा फरक पडला. काही मिनिटांचा! आपल्याकडे उद्घाटनाची रिबन शोधायला याहून जास्त वेळ जातो.

आपल्या देशातही हे नवं नाही. केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम 2009 पासून आहे, दोन दिवसांचं प्रशिक्षण, त्यात हीच बाहुली आणि हीच पिशवी. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला त्यात ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. त्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा, आपला आपण किंवा पिशवीने. शंभरातल्या दहा बाळांना काही ना काही मदत लागते, पाचेकांना पिशवी लागते. आता माझा हिशोब. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाख धरा, जन्मदर हजारी बारा धरा. वर्षाला अठरा हजार बाळं. रोज पन्नास. रोज पाच बाळं मदतीची वाट बघतात आणि अडीच बाळं पिशवीची. माझा आकडा शे-दोनशेने चुकत असेल, तुमच्याकडे खरा आहे, तो जाहीर करा.

तुम्ही म्हणाल, गोव्याचा बालमृत्यू दर बघा. बघितला. 2020 च्या जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणीत गोवा हजारी 5, देश 28. तुमच्या प्रत्येक भाषणात असतो, आणि असावा, मलाही बरं वाटतं. फक्त एवढंच, की त्या आकड्यात माझी नात नाही. ती मेली नाही ना. तिच्यासारखी किती आहेत, ज्यांची मूठ उघडत नाही, त्यांचं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे?

आता तोंड उघडलंच आहे तर बोलते. हे फक्त बाहुलीचं नाही. या राज्यात सगळंच सुस्थितीत आहे. शाळांत संगणक आहेत, त्यांच्यावर फुलाफुलांचं कापड आहे. पंचायतीत व्यायामशाळा आहे, कुलूप आहे. 1842 पासून आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण आहे, पोर्तुगीज बोलणाऱ्या डॉक्टरांच्या काळापासून, आणि तालुक्याची नर्स अजून मान कुठे धरायची ते बाळावर शिकते. ‘सरकार तुमच्या दारी’ म्हणून मंडप पडतात. सरकार दारी येतं, खुर्च्या मोजून परत जातं. वस्तू घ्यायला निधी आहे, वस्तू द्यायला समारंभ आहे, वस्तू वापरायला माणूस नाही, आणि माणूस आहे तिथे तो अकरा महिन्यांच्या कागदावर आहे. ती सिस्टर शिकली असती तरी किती दिवस राहिली असती? बाहुली कायम, नर्स कंत्राटी. निवडणुकीच्या तोंडावर भरतीच्या याद्या कशा लागतात आणि कुणाच्या मतदारसंघातली नावं वर असतात, ते आम्ही शिक्षकांनी मतमोजणीची ड्युटी करता करता पुष्कळ ऐकलं आहे. ते इथे नको. रक्तदाब वाढतो.

माझं मागणं लहान आहे. एक हुकूम काढा की सरावाच्या बाहुल्या, त्यांचे मास्क, त्यांच्या पिशव्या डेड स्टॉकमधून काढून उपभोग्य वस्तूंत टाकल्या. कापूस, हातमोजे जिथे लिहितात तिथे. फाटल्या की दुसऱ्या मागवायच्या, कुणाचा खुलासा नको. बाहुली लेबर रूमच्या दाराशी, उघड्या टेबलावर ठेवा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं, ज्याची ड्युटी त्याने, कंत्राटी असो की कायम, डॉक्टरसुद्धा. सही नको, सहीचं रजिस्टर घरी बसून भरता येतं, मला विचारा. बाहुली किती झिजली ते बघा. वर्षाच्या शेवटी जिथली बाहुली कोरी करकरीत आहे, तिथल्या साहेबांना बोलावून विचारा, ही अशी का?

आणि त्या मुलीला शोधून कामावर परत घ्या. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही असं ऐकते. त्या दिवसानंतर ती दोनदा आमच्या घरी येऊन गेली. नातीसाठी झबलं शिवून आणलं होतं, माझ्याशी बोलताना तिची नजर वर होत नव्हती. माझ्या भाचीने तिला बाहुलीवर मान कशी धरायची ते दाखवलं, आमच्या ओसरीवर, नातीच्या जुन्या रबरी बाहुलीवर. तिला दुसऱ्यांदा जमलं.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा 10 रुपये भरणार आहे. या वेळी प्रश्न एकच आहे: बाहुलीवरचं प्लास्टिक काढलं का? उत्तर ‘होय’ आलं, तर मी स्वतः पेढे घेऊन पर्वरीला येईन. तोवर उड्डाणपुलाचं काम संपलं असेल अशी आशा करते.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि आजी,
उत्तर गोवा

ता. क. पृथ्वीगोल मी निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी कपाटातून काढून चौथीच्या वर्गात ठेवून आले. पंधरा दिवसांत फुटला असं कळलं. वसुलीचं पत्र अजून आलेलं नाही, येईल.